पान गळण्याआधी झाड त्यातला डीएनएसुद्धा मोडून परत घेतं

अडाणकाठ (दारव्हा)

सोयाबीन सोंगणीला आलं की बघता बघता वावर पिवळं पडतं. पानं गळतात आणि शेंगांनी लगडलेल्या नुसत्या काड्या उभ्या राहतात. आपण म्हणतो, पीक वाळलं. खरं तर त्या काळात पान स्वतःला अगदी क्रमाने मोडत असतं आणि त्यातला माल दाण्यात जात असतो. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पानातली प्रथिनं मोडून नायट्रोजन दाण्यात जातो, हे आम्ही वर्गात सांगतो. पण त्याच पानातला डीएनएसुद्धा झाड तोडतं आणि त्यातला फॉस्फरस वापरतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. मला हा विषय फार आवडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डीएनए म्हटलं की डोळ्यांसमोर केंद्रक येतं. वनस्पतीच्या पेशीत मात्र तो तीन ठिकाणी असतो: केंद्रकात, हरितलवकात आणि तंतुकणिकेत. हरितलवकातला डीएनए १९६२ साली आणि तंतुकणिकेतला १९६३ साली सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला. ही दोन्ही अंगकं मुळात स्वतंत्र जिवाणू होती आणि फार फार पूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तिथलीच झाली, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नेटाने मांडला. आज तो सर्वमान्य आहे. जिवाणूपणाची खूण म्हणून त्यांचा स्वतःचा डीएनए अजून त्यांच्याजवळ आहे.

आता संख्या बघा. केंद्रकात गुणसूत्रांचे दोन संच. हरितलवकाच्या डीएनएच्या प्रती मात्र वाढलेल्या पानाच्या एकेका पेशीत हजाराच्या घरात असतात, कारण पेशीत हरितलवकं डझनांनी आणि प्रत्येकात प्रती अनेक. आपल्या अमेरिकन कपाशीच्या हरितलवकाचा डीएनए २००६ साली पूर्ण वाचला गेला. तो १,६०,३०१ जोड्यांचा आहे (डीएनएच्या शिडीची एकेक पायरी म्हणजे एक जोडी). प्रत्येक जोडीत दोन बाजूंचे दोन फॉस्फेट, म्हणजे एका प्रतीत फॉस्फरसचे ३,२०,६०२ अणू. हजार प्रती धरल्या तर एका पेशीत ३२ कोटींहून जास्त. ज्या मातीत फॉस्फरससाठी मुळांना झगडावं लागतं, तिथे हा साठा पानाबरोबर जमिनीवर टाकून देणं झाडाला परवडणारं नाही.

हे काम कोण करतं, त्याचा शोध परागकणांमधून लागला. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाच्या कुराशिकी इथल्या संस्थेत वातारू साकामोतो यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपाचे परागकण डॅपी नावाच्या रंगाने रंगवून पाहिले. हा रंग डीएनएला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. पिकलेल्या परागकणात फक्त केंद्रकं चमकतात. अंगकांचे ठिपके दिसत नाहीत, कारण तोपर्यंत त्यांचा डीएनए मोडलेला असतो. काही बिघडलेल्या रोपांत मात्र परागकणभर निळे ठिपके तसेच राहिले होते. त्या रोपांत जो जनुक बिघडला होता, त्याला त्यांनी डीपीडी१ असं नाव दिलं. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. हा जनुक एक विकर बनवतो. ते विकर हरितलवकातही जातं आणि तंतुकणिकेतही, आणि डीएनएची साखळी एका टोकाकडून कुरतडत आणतं. त्याला काम करायला मॅग्नेशियम लागतं.

त्याच गटाने २०१८ मध्ये पानाकडे पाहिलं. साध्या रोपाचं पान म्हातारं झालं की हरितलवकाचा डीएनए झपाट्याने कमी होतो. डीपीडी१ नसलेल्या रोपाचं पान पिवळं पडतं, पण डीएनए तसाच राहतो. फॉस्फरस भरपूर मिळाला तर अशी रोपं चांगली वाढतात. फॉस्फरस कमी पडला की ती मागे पडतात. अंगकांचा डीएनए हा झाडाचा फॉस्फरसचा साठाही आहे, हे त्यावरून पुढे आलं. मला हे वाचून फार आनंद झाला. ज्याला आपण फक्त माहितीचं भांडार म्हणतो, तेच झाडाच्या पोटापाण्यालाही उपयोगी पडतं.

इथे शेतीतले जाणकार बरेच आहेत. त्यांनी आपल्या पिकांबद्दल लिहावं, अशी विनंती.

पऱ्हाटीवाला

मॅडम, लय चांगलं समजावून सांगतलं. पन मले एक समजलं नाई. डीएनए म्हंजे त झाडाची सारी कुंडली. थेच मोडून टाकलं त मंग पान मरेलोक चालवते कोन? अन दुसरं, आमच्याइकडे बोंडं भरतानीच पऱ्हाटी लालभडक झाली. लाल्या म्हन्तो आपन. थेबी हेच हाये का?

अडाणकाठ (दारव्हा)

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, लाल्याचं अकोल्याचे दादा देतील.

कुंडली केंद्रकात असते आणि ती झाड शेवटपर्यंत सांभाळतं. पान मोडायला कोणती विकरं कधी बनवायची, याच्या सूचना केंद्रकातूनच येतात. हरितलवकाच्या डीएनएत १०० ते १३० जनुकं उरली आहेत. हरितलवकात लागणारी बाकीची हजारो प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत येतात. मोडण्यातही क्रम आहे. आधी हरितलवकं जातात, कारण प्रकाशसंश्लेषण बंद करायचंच असतं. तंतुकणिका मागे राहतात, कारण हा सगळा माल मोडून फांदीकडे पाठवायला ऊर्जा लागते आणि ती त्या पुरवतात. केंद्रक सगळ्यात शेवटी. पडकं घर उतरवताना माणूस आधी कवेलू काढतो, मग फाटे, मग मयाल, आणि उभं राहायला लागणारी भिंत शेवटपर्यंत ठेवतो, तसंच हे.

एक गोष्ट मुलांना नेहमी चकवते. हिरवा रंग मोडला म्हणून त्यातला नायट्रोजन झाडाला मिळतो, असं फारसं होत नाही. रंगद्रव्याचे तुकडे पेशीतल्या रिक्तिकेत पडून राहतात. नायट्रोजन मिळतो तो मुख्यतः रुबिस्को या प्रथिनातून. रंगद्रव्य आधी निकामी करावं लागतं, कारण प्रथिनांपासून सुटलेलं मोकळं हरितद्रव्य उन्हात पेशीला जाळतं.

कृषीपदवी_अकोला

भाऊ, लाल्या आणि डीएनए मोडणं यांची सरळ सांगड घालू नका. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. रात्री गार झाल्या, जमिनीत ओल कमी पडली, नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की पान तो रंग तयार करतं. पण तुम्ही म्हणता त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. बोंडं भरतानाच लाल्या येतो. बोंडांची मागणी एकदम वाढते, मुळं तेवढं देऊ शकत नाहीत आणि बोंडं पानातून ओढून घेतात. म्हणजे पान वेळेआधी म्हातारं होतं. तिथून पुढे मॅडमनी सांगितलेली मोडतोड सुरू होणारच.

म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी कडा लालसर व्हायला लागल्या तेव्हाच करावी. पान अर्ध्याहून जास्त लाल झालं, कडक झालं, की त्याच्या आतली हरितलवकं मोडलेली असतात. त्यावर फवारून पैसे वाया जातात. शिवारात हेच होतं. सगळं वावर लाल दिसल्यावर लोक दुकानात धावतात.

आणि मॅडमच्या लेखात डीपीडी१ ला मॅग्नेशियम लागतं असं आहे, ते वाचून कुणी मॅग्नेशियमने पान लवकर पिकेल असा अर्थ काढू नये. मॅग्नेशियम शेकडो विकरांना लागतं. हरितद्रव्याच्या मधोमध तेच बसलेलं असतं.

पऱ्हाटीवाला

समजलं दादा. आता हेबी सांगा, झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाले देते, त मंग आमच्या सोयाबीनचे शेंडे पिवये काहून पडले होते? खालचे पानं हिरवेच होते.

कृषीपदवी_अकोला

फार चांगलं निरीक्षण. रोग आहे की अन्नद्रव्याची कमी, हे ओळखायला हेच आधी बघायचं असतं. पिवळेपणा खालून सुरू झाला की वरून?

नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून सोडवून नव्याकडे नेऊ शकतं. म्हणून यांची कमी खालच्या पानांवर आधी दिसते. मक्याची खालची पानं जांभळी झाली तर बहुतेक वेळा फॉस्फरस. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून सहज हलत नाही. त्याची कमी कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, कधी पांढरट. आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत सोयाबीनवर हे हमखास येतं, विशेषतः पाणी साचून राहिलं की. तुमचे शेंडे पिवळे आणि खालची पानं हिरवी, म्हणजे लोहाची शंका आधी घ्या. पान तोडून उन्हासमोर धरा, शिरा स्पष्ट हिरव्या दिसतात का ते पाहा.

फॉस्फरसचंही सांगतो. आपल्या जमिनीत तो नाही असं नाही. चुना त्याला बांधून ठेवतो. ५० किलोच्या डीएपी खताच्या पोत्यात २३ किलो पी२ओ५ (फॉस्फरसचं ऑक्साइड) असतं, म्हणजे निव्वळ फॉस्फरस साधारण १० किलो. त्यातला बराच भाग त्या हंगामात पिकाला लागतच नाही. अशा जमिनीत पानातला फॉस्फरस परत घेण्याची सवय झाडाच्या किती कामाची असेल, हे या लेखामुळे नव्याने जाणवलं.

सागबन

मी चंद्रपूरकडचा, जंगलाशेजारी राहणारा. साग, मोह, तेंदू, सगळे उन्हाळ्याच्या तोंडी पानं टाकतात. मग जमिनीवर पडलेल्या त्या पानांत काहीच उरत नसेल, तर जंगलातली माती कशावर चालते?

अडाणकाठ (दारव्हा)

उरतं, भाऊ. जगभरच्या झाडांची सरासरी काढली तर पान गळण्याआधी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त नायट्रोजन आणि फॉस्फरस परत घेतला जातो. बाकीचा पानाबरोबर खाली येतो, बुरशी आणि जिवाणू तो मोडतात आणि पुढच्या पावसाळ्यात मुळं उचलतात. कॅल्शियम तर जवळजवळ सगळं पानातच राहतं.

तुमच्याकडे एक गोष्ट जवळून बघता येईल. सागाच्या पानाची जाळी करणारी अळी पावसाळा सरता सरता येते ना? ती शिरा सोडून मधला हिरवा भाग खाते. ते पान झाडाने अजून रिकामं केलेलं नसतं. म्हणजे झाडाचा साठा अळीच्या पोटात आणि तिच्या विष्ठेतून जमिनीत जातो. वादळात तुटलेल्या हिरव्या पानाचंही तसंच, ते भरलेलंच खाली पडतं. हिरवळीचं खत फुलोऱ्याच्या सुमारास का गाडतात, त्याचं एक कारण हेच. पुढे गेलं की माल बियांत जातो.

निशिगंध

मॅडम, मी बीएस्सीला आहे, अमरावतीला. ३२ कोटी अणूंचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण केंद्रकात किती असतात? तुलना केल्याशिवाय कळणार नाही. आणि आरएनए? आम्हाला शिकवलं होतं की पेशीत डीएनएपेक्षा आरएनए कितीतरी जास्त असतो.

अडाणकाठ (दारव्हा)

निशिगंध, असाच प्रश्न विचारायला हवा. चल, हिशोब करू.

अरॅबिडॉप्सिसचा केंद्रकातला एक संच साधारण १३.५ कोटी जोड्यांचा. पेशीत दोन संच, प्रत्येक जोडीला दोन फॉस्फेट, म्हणजे ५४ कोटी अणू. त्याच्या हरितलवकाचा डीएनए १,५४,४७८ जोड्यांचा, हजार प्रतींचे झाले सुमारे ३१ कोटी. म्हणजे केंद्रकाच्या निम्म्याहून जास्त. या रोपात अंगकांच्या डीएनएचा वाटा खरोखर मोठा आहे.

कपाशीचं वेगळं. तिचा केंद्रकातला एक संचच २३० कोटी जोड्यांच्या वर आहे. दोन संचांचे ९०० कोटींहून जास्त अणू झाले, त्यापुढे ३२ कोटी फार थोडे. म्हणून अरॅबिडॉप्सिसवरचा निष्कर्ष उचलून जसाच्या तसा पऱ्हाटीला लावता येणार नाही. ज्या झाडांचं केंद्रक आटोपशीर आहे, तिथे हा साठा जास्त भाव खाईल.

आरएनएचं तू म्हणतेस ते खरं. पानातल्या न्यूक्लिइक आम्लांमधला सर्वांत मोठा वाटा प्रथिनं बनवणाऱ्या राइबोसोमच्या आरएनएचा. तो मोडणारी विकरं निराळी आहेत आणि फॉस्फरस कमी पडला की तीही वाढतात. शिवाय झाड पटलांमधले फॉस्फरसवाले मेद काढून त्याजागी गंधकवाले आणि साखरवाले मेद बसवतं. म्हणजे डीपीडी१ हा अनेक वाटांमधला एक. माझ्या मते त्याचं महत्त्व वाट्यापेक्षा वेळेत आहे. हरितलवकाचा डीएनए लवकर मोडता येतो, त्यासाठी केंद्रकाची वाट पाहावी लागत नाही.

तुला रसायनशास्त्र आवडत असेल तर पुढचा टप्पाही बघ. साखळी कुरतडली की न्यूक्लिओटाइड सुटतात, त्यांचा फॉस्फेट निघतो, उरलेल्यातले प्युरिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि जी) मोडत मोडत अॅलँटोइन या नायट्रोजनवाल्या संयुगापर्यंत येतात आणि त्यातला नायट्रोजनही परत मिळतो. आता गंमत अशी, की सोयाबीन आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन वर पाठवतात तो याच अॅलँटोइन आणि अॅलँटोइक आम्लाच्या रूपात. गाठीत प्युरिन नव्याने बनतात आणि लगेच याच वाटेने मोडले जातात. हरभऱ्याच्या गाठी तसं करत नाहीत, त्या अॅस्परॅजिनसारखी अमाइडं पाठवतात. एकाच वावरात खरिपाला एक पद्धत आणि रब्बीला दुसरी!

निशिगंध

हे फारच सुंदर आहे, मॅडम. अजून एक. परागकणात डीएनए मोडतो, म्हणूनच हरितलवक फक्त आईकडून येतं का?

अडाणकाठ (दारव्हा)

सगळ्यांना असंच वाटत होतं. पण २०११ च्या त्या कामातच दिसलं, की डीपीडी१ नसलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या परागकणांत डीएनए शिल्लक असूनही संततीत हरितलवकं आईचीच आली. म्हणजे नुसता डीएनए उरणं पुरेसं नव्हतं. बापाची हरितलवकं मुळात शुक्रपेशीत शिरतच नाहीत, हा अडसर आधीचा. मग २०२३ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत राल्फ बोक यांच्या गटाने तंबाखूवर प्रयोग केला. परागकण पिकत असताना गारवा दिला तर बापाची हरितलवकं पुढे जाण्याचं प्रमाण वाढतं, आणि त्या झाडात डीपीडी१ ही नसेल तर आणखी वाढतं. प्रमाण तरीही थोडंच. म्हणजे कुलपं दोन आहेत आणि एक हवामानाने सैल होतं.

तंतुकणिकाही बहुतेक पिकांत आईकडूनच येतात, आणि आपल्या भागातल्या लोकांनी त्याचा मोठा फायदा घेतलाय. संकरित ज्वारी आठवा. १९५४ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो ज्वारीचं पेशीद्रव्य आणि काफिर ज्वारीचं केंद्रक एकत्र आणलं, तर परागच तयार होईना. हा दोष मिलोच्या पेशीद्रव्यातून, म्हणजे तंतुकणिकांबरोबर आईकडून येतो. त्यामुळे संकर करताना मादी वाणाच्या फुलांतले परागकोश हाताने काढावे लागत नाहीत. त्याच तंत्राने १९६४ मध्ये आपल्याकडे सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. परागातून तंतुकणिका मनमानी पुढे गेल्या असत्या तर हे बियाणं टिकलं नसतं.

सागबन

आमच्या आजीच्या तोंडी हायब्रीड ज्वारीचं नाव कायम असायचं. त्यामागे हे असेल, माहीत नव्हतं. मॅडम, हा आईकडून येण्याचा प्रकार घरी बघता येतो का? सूक्ष्मदर्शक नसताना?

अडाणकाठ (दारव्हा)

येतो, आणि तोही गुलबक्षीवर. कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये हेच केलं. मेंडेलचं काम १९०० साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणलं, त्यांच्यापैकी ते एक. काही गुलबक्षींच्या एकाच झुडपावर हिरव्या, पांढऱ्या आणि चट्टेपट्टेदार अशा तिन्ही फांद्या येतात. असं झुडूप कुणाच्या अंगणात दिसलं तर जपा, ते नेहमी मिळत नाही.

फूल सायंकाळी उमलतं, म्हणून दुपारीच कळी हलक्या हाताने उघडून परागकोश चिमट्याने काढा. तोवर ते फुटलेले नसतात. मग पातळ कापडाची पिशवी बांधा. संध्याकाळी दुसऱ्या फांदीच्या फुलातला पराग आणून स्त्रीकेसराच्या टोकावर लावा आणि पिशवी परत बांधा. एका फुलाला एकच बी येते, त्यामुळे बरीच फुलं धरावी लागतील. प्रत्येक फुलाच्या देठाला दोरा बांधा: आई हिरव्या फांदीवरची असेल तर एका रंगाचा, पट्टेदार असेल तर दुसऱ्या, पांढरी असेल तर तिसऱ्या. पराग कुठला घेतला ते वहीत लिहा.

हिरव्या फांदीवरच्या बियांची रोपं हिरवीच येतील, पराग पांढऱ्या फांदीचा असला तरी. पांढऱ्या फांदीवरच्या बियांची रोपं पांढरी येतील आणि थोड्या दिवसांत मरतील, कारण त्यांना स्वतःचं अन्न करता येत नाही. ती पाणी कमी पडल्यामुळे मेली असं समजू नका. पट्टेदार फांदीवरच्या बियांतून तिन्ही प्रकार निघतील.

निशिगंध

आमच्या वसतिगृहाच्या कुंपणाला पट्टेदार गुलबक्षी आहे, मॅडम. पांढरी फांदी एकच दिसते, पण तिच्यावर कळ्या आहेत. उद्या दुपारी सुरुवात करते. बी कधी काढायची?

अडाणकाठ (दारव्हा)

बी काळी आणि सुरकुतलेली झाली की बोट लावताच गळते, म्हणून पिशवी शेवटपर्यंत काढू नकोस. पांढऱ्या फांदीची बी आधी मोजून वेगळ्या पुडीत ठेव, ती सगळ्यात कमी मिळेल. प्रत्येक पुडीवर दोऱ्याचा रंग आणि परागाची फांदी लिही. पेरताना कुंड्या सारख्याच माती-पाण्याच्या ठेव आणि पहिली दोन खरी पानं आली की फोटो इथेच टाक.